सरांचं इंग्रजी गेलं तेव्हा

दुपारचं प्रॅक्टिकल आटोपलं की मी प्रयोगशाळेमागच्या अरुंद खोलीत जाऊन बसते. पूर्वी तिथं वाळवलेल्या वनस्पतींचे कागद ठेवत, त्यामुळे खोलीला अजून डांबरगोळ्यांचा आणि जुन्या गवताचा वास आहे. त्या वेळी पुसद पेंगत असतं. खिडकीबाहेरचा कडुनिंब हलत नाही. रस्त्यानं कापसाची गाडी गेली की मागे थोडा कापूस हवेत राहतो आणि कितीतरी वेळ खाली यायचं नाव घेत नाही. या खोलीत बसून मी गेली काही वर्षं एकच काम केलं. दगड झालेल्या झाडांवर आजवर जे जे लिहिलं गेलं ते एका जागी आणायचं, आणि कुठंही बसलेल्या माणसाला ते शोधता येईल असं करायचं.

दगड झालेली झाडं म्हणजे काय, ते आधी सांगते. आपली काळी जमीन ज्या खडकातून झाली तो खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो सगळा एकदम आला नाही. एक लोंढा यायचा, थिजायचा, आणि पुढचा यायला फार फार काळ जायचा. मधल्या त्या निवांत काळात खडकावर माती धरायची, खळग्यांत पाणी साचून तळी व्हायची, काठानं झाडं उगवायची. मग पुढचा लोंढा येऊन सगळं झाकून टाकायचा. झाकली गेलेली लाकडं, फळं, बिया, फुलांतले परागकण सावकाश दगड होऊन राहिले. आपल्याकडे विहीर खणताना, नाल्याची दरड ढासळली की ते वर येतात. बोरी अरबला आमच्या शेताच्या बांधावर असा एक तुकडा होता. माझे वडील त्यावर विळ्याला धार लावायचे. तो कोण्या झाडाचा बुंधा होता हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं.

कळलं ते सरांमुळे. सर विद्यापीठात आमचे प्राध्यापक होते, पुढे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक झाले. जन्म पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले होते. सरही फिरायचे, हातोडी आणि खांद्यावरची झोळी घेऊन. वर्गात मात्र ते इंग्रजीशिवाय एक शब्द बोलत नसत. मी मराठी शाळेतून आलेली. त्यांचं बोलणं अर्धं कळायचं आणि अर्धं नुसतं अंगावरून वाहत जायचं, तरी बरं वाटायचं. एकदा उमरखेडच्या बाजूला एका कोरड्या ओढ्यात त्यांनी आम्हाला उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. समोर तळं आहे, म्हणाले, काठाला ताडासारखी उंच झाडं आहेत, वारा त्यांच्यातून येतोय. आम्ही उन्हात डोळे मिटून उभे. माझ्या शेजारची मुलगी हसली. मला मात्र खरंच पाण्याचा गारवा लागला होता, आणि हे मी कोणाला सांगितलं नाही.

शिकून मी पुसदला नोकरीला लागले. सर निवृत्त झाल्यावर आपल्या तांड्यावर घर बांधून राहायला आले. मला वाटलं, आता काय, सर अर्ध्या तासावर. काही अडलं की फोन करायचा. अडायचं ते एकाच ठिकाणी. या विषयावरचे शोधनिबंध कुठल्या कुठल्या मासिकांत विखुरलेले. काही मासिकं बंद पडलेली, काही एखाद्याच ग्रंथालयात, तीही कपाटाच्या तळाशी. कोणत्या गावाजवळ काय सापडलं, कोणी आधी लिहिलं, हे सगळं सरांच्या डोक्यात. माझ्या एका विद्यार्थिनीनं वर्षभर खपून एका बीचं वर्णन तयार केलं, आणि नंतर कळलं की तेच बी कोणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलंय. ती रडली नाही, पण तिनं विषय बदलला. त्या दिवशी मी डेटाबेसचं मनावर घेतलं.

मला कॉम्प्युटरमधलं काही येत नव्हतं. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी एक मैत्रीण आहे, मूळची ढाणकीची, माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणते. तिला झाडांतलं काही येत नव्हतं. असं आमचं जमलं. मी तिला पहिला दगड हातात दिला तेव्हा तिनं तो उलटासुलटा केला आणि म्हणाली, "ताई, हे मले दगडच दिसून राह्यलं."

"दगडच आहे."

"मंग झालं तं. आपल्याले दगड शोधायचा नाई, दगडाबद्दल लिवलेलं शोधायचं आहे. ते होते."

सरांनी आपल्याजवळचे सगळे निबंध आमच्या स्वाधीन केले. बाकीचे मी पत्रं लिहून, हातापाया पडून मिळवले. एकेक पान स्कॅन करायचं, मशीनकडून त्यातली अक्षरं ओळखून घ्यायची, मग लेखक, साल, गाव, झाडाचा कोणता भाग, कोणत्या कुळातला, अशा खणांत भरायचं. मशीन गमती करायचं. इंग्रजीत खोडाला 'स्टेम' म्हणतात; त्यातला शेवटचा एम मशीनला आर आणि एन असा दिसायचा आणि 'स्टेम'चं 'स्टर्न', म्हणजे 'खोड'चं 'कडक' होऊन जायचं. पानंच्या पानं भरून कडक जीवाश्म, कडक पाम, कडकचा आडवा छेद. मैत्रीण हसून हसून टेबलावर डोकं ठेवायची. गावांचं वेगळंच दुखणं. जुन्या निबंधांत यवतमाळ इंग्रजीत 'येओटमल' असं लिहिलेलं. आजचं स्पेलिंग टाकून शोधलं तर जुनं सगळं गायब. मग तिनं एक सोय केली. दोन शब्द आतून एकमेकांना बांधून ठेवायचे. एक हाक मारली की दुसऱ्यानंही ओ द्यायची.

असं किती दिवस चाललं ते मला नीट सांगता येत नाही, कारण त्या काळात दिवस वेगळे वेगळे राहिलेच नव्हते. दुपारी मी गावांची नावं टाइप करत बसायची. समोर पडद्यावर बी, पान, शेंग, फुलाचा देठ. हळूहळू खोलीतला उजेड हिरवट वाटायला लागायचा. मला वाटायचं आपण पाण्याच्या काठाकाठानं चाललोय, एकेका झाडाला हात लावतोय, आणि झाड आपलं गाव सांगतंय. घंटा वाजली की मी दचकायची. वर्गात जाऊन फळ्यावर पानाची आकृती काढायची आणि काढता काढता ते पान दगडाचं होऊन जायचं. मुली विचारायच्या, मॅडम, शिरा इतक्या जाड कायले काढल्या?

वेबसाइट सुरू झाली तेव्हा पहिला फोन सरांना केला. त्यांनी मोबाइलवर उघडून पाहिली. मग रोज काहीतरी शोधायचे आणि चुका कळवायचे. एका ओळीचा निरोप यायचा, इंग्रजीत, शेवटी पूर्णविराम न चुकता. स्तुती त्यांनी केली नाही. पण निरोप रोज यायचा.

मग तो यायचा बंद झाला. सरांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, फोनवर सांगितलं की सरांना लकवा मारला होता, नागपूरच्या दवाखान्यात होते, आता घरी आणलंय. "बरे आहेत. बोलाले तरास होते. काही दिवस कोनी येऊ नका बाई, त्यायलेच नाई आवडत." सरांचा स्वभाव मला माहीत होता. मी गेले नाही. फोन करायची, काकूंशी दोन वाक्यं बोलायची आणि ठेवायची.

वेबसाइटला मैत्रिणीनं आणखी एक सोय केली होती. कोणी शब्द टाकला आणि काहीच सापडलं नाही, तर तो शब्द आतल्या बाजूला जमा व्हायचा. कोणी टाकला ते कळायचं नाही, नुसता शब्द. आठवड्यातून एकदा आम्ही दोघी चहा घेऊन ते शब्द पाहत बसायचो, म्हणजे कुठं काय कमी आहे ते समजायचं. बहुतेक चुकलेली स्पेलिंग असायची. त्यात एकदा मराठी अक्षरं दिसली. 'लाकूड'. आमच्याकडे एकूण एक निबंध इंग्रजीत. मराठीत कोण शोधणार? चुकून झालं असेल म्हणून आम्ही पुढं गेलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा 'लाकूड', 'दगड लाकूड', 'पान'. त्याच्या पुढच्या खेपेला मैत्रीण पडद्याकडे बोट करून म्हणाली, "ताई, हे पाहा बरं. कोनाले तरी वांगं पाहिजे."

"काय?"

"भाटा. हिंदीत म्हनते ना वांग्याले. आपल्या इथं दगडाचे झाडं, अन् हा मानूस वांगं शोधून राह्यला."

आम्ही हसलो. पण खाली आणखी होतं. 'भाटा पान'. 'भाटा फळ'. 'भाटा लकडा'. वांग्याचं पान, वांग्याचं फळ समजू शकतो. वांग्याचं लाकूड कोणाला हवं असणार? आणि ते शब्द एकदा नाही, पुन्हा पुन्हा आलेले, जणू कोणी दार वाजवतोय आणि आत कोणीतरी आहे याची त्याला खात्री आहे. मला वाटलं, एखाद्या झाडाचं इकडचं नाव असेल. अशा वेळी सरांना विचारायची सवय. मी फोन लावला, काकूंनी घेतला.

"काकू, सरांना एक विचारायचं होतं. बोलतील का?"

"त्यायले कायले, मले विचार."

"भाटा नावाचं काही झाड आहे का इकडं?"

"झाड? भाटा म्हंजे दगड. आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत दगडाले भाटा म्हनते. काहून?"

मी सांगितलं. वेबसाइटवर कोणीतरी रोज हा शब्द शोधतंय, त्याला काही सापडत नाही. काकूंच्या मागे कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"तू ये," त्या म्हणाल्या. "आता ये. येऊन पाह्य."

रविवारी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. मार्गशीर्षाचे दिवस होते. तुरीला पिवळा फुलोरा होता, कापूस फुटलेला, आणि दहा वाजले तरी शेतांवरचं धुकं उठलं नव्हतं. रस्ता थोडाच पुढं दिसायचा. बायाच्या बाया वेचणीला निघालेल्या धुक्यातून एकदम समोर यायच्या आणि एकदम नाहीशा व्हायच्या.

काकू अंगणातच थांबल्या होत्या. आम्हाला आत नेण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सांगतलं नाई कोनाले," त्या हळू म्हणाल्या. "इंग्रजी गेलं त्यायचं. सगळं. डॉक्टर म्हने, लहानपनी पहिले जे बोलले ते पहिले वापस येते, बाकीचं येईन नाई येईन सांगता येत नाई. आता गोरबोली बोलते, थोडं थोडं मराठी बोलते. इंग्रजी वाचाले गेले तं पुस्तक खाली ठेवून देते." मग म्हणाल्या, "मोबाइलचं बटन मराठी करून देल्लं मीनं. सकायी उठले का तेच पाहात बसते. मी म्हनलं काय आहे त्याच्यात? तं म्हनते, माहं."

सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, अंगावर शाल. फार वाळले होते. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले आणि तोंड हललं, पण शब्द यायला वेळ लागला.

"ये," ते म्हणाले. "बेटी."

इतक्या वर्षांत त्यांनी मला आडनावाशिवाय हाक मारली नव्हती. मी पाया पडले आणि तिथंच खाली बसले. सरांनीच डाव्या हातानं मोबाइल उचलला, सावकाश एकेक अक्षर दाबलं आणि माझ्यासमोर धरला. वरच्या चौकोनात 'लाकूड' असं लिहिलेलं. खाली पांढरं पान, आणि मधोमध इंग्रजीत एक ओळ की काही सापडलं नाही. ती ओळ मीच लिहिली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"हाये," ते म्हणाले. मग जोर करून पुन्हा, "हाये तं."

"आहे सर. आहे. सगळं तिथंच आहे."

त्यांनी मान हलवली. त्यांना सगळं आठवत होतं हे मला तेव्हा कळलं. ओढे, गावं, छेद, रंग, कोणत्या कपाटात काय. फक्त तिथवर जायची वाट इंग्रजीतून होती आणि ती मोडली होती.

मैत्रीण पायरीवर बसून हे सगळं पाहत होती. ती सरांना पहिल्यांदाच भेटत होती. तिनं सरळ त्यांनाच सांगितलं, "सर, हे काही अवघड नाई. येओटमल अन् यवतमाळ बांधलं तसंच हे बांधायचं. लाकूड, लकडा अन् इंग्रजीतलं, तिन्ही एका दोरीत. तुमी शब्द सांगा, मी बांधते."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग काकूंना काहीतरी म्हणाले, त्यांच्या बोलीत. काकू हसल्या. "म्हनते, हे कोनाची पोरगी? हिले चहा दे."

त्यानंतर आम्ही सवड मिळेल त्या रविवारी जाऊ लागलो. मी घरून शब्दांची यादी न्यायची. मूळ, साल, गाभा, देठ, बी, टरफल. मी मराठी म्हणायची, सर डोळे मिटायचे, आणि कधी शब्द यायचा, कधी नाही. नाही आला की काकू सांगायच्या. तुरी निवडता निवडता, सुपातून मान वर न करता. दोघांचं जमलं नाही की त्यांचं बोलीतच भांडण व्हायचं. आम्ही दोघी ऐकत बसायचो. मला त्यातलं थोडंच कळायचं, पण विद्यापीठातल्या त्या पहिल्या वर्षासारखं वाटायचं, अर्धं कळणारं आणि अर्धं वाहत जाणारं.

परागकणांपाशी आम्ही अडलो. पुस्तकातला शब्द काकूंना माहीत नव्हता आणि सरांना तो सांगता येत नव्हता. सरांनी डावा तळहात तोंडासमोर धरला आणि त्यावर हलकेच फुंकर मारली. पुन्हा मारली. काकूंनी पाहिलं आणि उठून बाहेर गेल्या. कुंपणापलीकडून तुरीचा एक डहाळा तोडून आणला आणि सरांच्या हातावर झटकला. एखाददुसरा पिवळा कण पडला असेल नसेल. सरांनी तो हात उन्हात धरला. ऊन ओसरीत तिरपं आलं होतं आणि हवेतली धूळ त्यात तरंगत होती. सगळीच पिवळी दिसत होती. मी मैत्रिणीला म्हटलं, 'पिवळी धूळ' असं बांध. ती म्हणाली, असं चालते का? मी म्हटलं, चालते.

तिनं काम पुरं केलं त्या रविवारी आम्ही सरांसमोर बसलो. तांड्यावर रेंज कमी, पान उघडायला वेळ लागत होता. सरांनी 'भाटा लकडा' लिहिलं. चौकोनातलं चक्र फिरत राहिलं. काकू सूप बाजूला ठेवून मागे उभ्या राहिल्या. मग एकाखाली एक निबंध येऊ लागले, आणि तिसऱ्या की चौथ्या ओळीत सरांचं नाव. नाव त्यांनी ओळखलं. बोट ठेवलं. पान उघडलं आणि त्यातलं चित्र सावकाश वरून खाली उमटू लागलं, दगड झालेल्या पामच्या खोडाचा आडवा छेद, ठिपक्यांनी भरलेला, चंद्र नसलेल्या आभाळासारखा.

सर हसले. लकव्यानंतर तोंडाची एक बाजू हसत नव्हती, पण ते हसले. चित्राच्या कडेला एक तडा होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ओढा... पाय... घसरला." आणि एकदम, स्वच्छ, एका दमात, "पामोझायलॉन."

मी आणि मैत्रिणीनं एकमेकींकडे पाहिलं. तो शब्द ना इंग्रजी, ना मराठी. त्या लाकडाचं शास्त्रीय नाव. माणसाचं नाव आठवावं तसं त्यांना ते आठवलं होतं. काकूंनी विचारलं, काय म्हनले? मी सांगितलं, झाडाचं नाव घेतलं. "हं," काकू म्हणाल्या, "माहं नाव तं दवाखान्यात दोन दिवस आठोलं नाई त्यायले." आणि डोळ्याला पदर लावला.

चित्राखाली मजकूर होता. सर ओळींवरून बोट फिरवत गेले. परक्याच्या घरात पाहावं तसं पाहत होते.

"मीनंच लिवलं?"

"हो सर."

"काय लिवलं?"

मी वाचू लागले. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत सांगायचं, तेही आमच्या बोरीच्या मराठीत, कारण पुस्तकी मराठी ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "हे लाकूड नाल्याच्या उजव्या दरडीत भेटलं. वरून काळं, आतून पांढरं आहे." सर ऐकत होते. मध्येच मान हलवायचे, मध्येच हात वर करायचे, म्हणजे थांब. पुढं एक वाक्य होतं, हे खोड निःसंशय अमुक प्रकारचंच आहे. मी तसंच सांगितलं. सरांचा हात वर झाला.

"येवढं पक्कं... नाई."

"पण सर, तुम्ही इथं तसंच लिहिलंय."

"लिवलं." ते थांबले. शब्द शोधत होते, आणि मी त्यांना देऊ केला नाही, कारण त्यांना ते आवडत नसे. "मले... वाटलं. वाटलं, बस."

मी घरी येऊन त्या निबंधाच्या नोंदीखाली मराठीत चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ अशी, की लेखकाला हे खोड अमुक प्रकारचं वाटलं. त्या दिवसापासून हाच आमचा रिवाज झाला. एका रविवारी एक निबंध. मी सांगायचं, त्यांनी अडवायचं, आणि राहील ते नोंदीखाली मराठीत घालायचं. आधी त्यांचे, मग इतरांचेही. इतरांचे ऐकताना ते जास्त खूश असत. कोणाचं तरी नाव निघालं की डोळे मिटून मोठ्यानं हसायचे. बहुधा त्या माणसाबरोबर कुठंतरी हिंडलेलं आठवत असेल. ते सांगू शकत नव्हते, मी विचारत नव्हते.

एका परगावच्या अभ्यासकानं आम्हाला लिहिलं की शास्त्रीय सूचीत बोलीतले शब्द आणल्यानं तिची शिस्त बिघडते. मी दोन दिवस उत्तराचा विचार करत बसले. मैत्रिणीनं तेवढ्यात एक बटण करून टाकलं. ते दाबलं की मराठी आणि गोरबोली दिसेनाशी होते. तिनं त्यांना कळवलं, तुम्ही ते दाबून ठेवा. त्यांनी दाबलं असावं. पुन्हा काही आलं नाही. उलट न सापडलेल्या शब्दांत मराठी वाढू लागलं. कोणी 'शंखाचा दगड' शोधला, कोणी 'विहिरीत पान दगड'. कोण ते कळायचं नाही. मी आपली बांधत राहिले. बांधणं आता मलाही येतं.

सरांचं इंग्रजी परत आलं नाही. मधूनच एखादा शब्द येतो, पाहुण्यासारखा, आणि बसायच्या आत निघून जातो. मराठी बरंच सुधारलं. हात तसाच आहे. डॉक्टर आणखी काही म्हणत नाहीत. काकू एकदा चहा गाळता गाळता मला म्हणाल्या, "इतकी वर्सं मी याच घरात होते. हे लिवत बसायचे, मी जेवाले बोलवायची. काय लिवते हे मले आता मालूम होऊन राह्यलं." त्यात तक्रार नव्हती. असलीच तर ती मला ओळखू आली नाही.

परवाच्या रविवारी मी एकटीच गेले होते. पाण्यात वाढणाऱ्या एका लहानशा नेच्यावरचा, म्हणजे फर्नवरचा निबंध होता, दोनच पानांचा. लिहिणारी बाई आता हयात नाही. नेचा इतका बारीक की तो दगडात आहे हे कळायलाही डोळ्याला भिंग लावावं लागतं. मी सांगत होते, पानं कशी पाण्यावर पसरायची, मुळं कशी खाली लोंबायची, बीजाणूंच्या पिशव्या देठापाशी कशा चिकटलेल्या असायच्या. दुपार झाली होती. तांडा सगळा वावरात गेलेला, दारात एक वासरू उभ्या उभ्या झोपलेलं. पहिलं पान संपता संपता माझ्या लक्षात आलं की सरांनी हात वर केलेला नाही. पाहिलं तर मान एका बाजूला कललेली, शाल छातीवर हलके हलके वर-खाली होत होती. त्यांना गाढ झोप लागली होती.

मी मोबाइल बंद करून खाली ठेवायला लागले. काकू चुलीपाशी होत्या, तिथूनच त्यांनी हात हलवला.

"थांबली काहून? सांग."

"सर झोपले ना."

"झोपू दे त्यायले. मी आयकून राह्यले." त्या पाट घेऊन दारापाशी येऊन बसल्या. "पान्यावर पसरते म्हनली. मंग त्याचं पुढं काय होते?"

मी दुसरं पान उघडलं.